दोन अक्षरी

१

सकाळची कॉफी झाली की गणपतराव आणि सोयराबाई यांची लढाई जुंपायची. घराणंच लढवय्यांचं. गणपतरावांचे कोणी खापरपणजोबा घोड्यावर बसून म्हैसूरच्या राजाच्या चाकरीत आले आणि इथलेच होऊन गेले. पुढं घोडा गेला, तलवार गेली, बेट्टदपुराकडची जमीनही गेली. गणपतरावांच्या वाट्याला राहिली ती विमा कचेरीची पेन्शन आणि गोकुलममधलं दुमजली घर. वरच्या मजल्यावर योग शिकायला येणारी परदेशी मुलं भाड्यानं राहत. त्यांतलीच एक पोरगी जाताना लाकडी अक्षरांची पिशवी विसरून गेली, आणि म्हातारा-म्हातारीला लढायला निमित्त मिळालं.

खेळ सोपा होता. पिशवीत हात घालून सात इंग्रजी अक्षरं काढायची, ट्रेमध्ये मांडायची, आणि त्यांतून जुळतील तेवढे इंग्रजी शब्द काढायचे. इंग्रजीच, कारण दुसरा इलाजच नव्हता. कन्नड दोघं शाळेत शिकलेली, पण कन्नडची लाकडी अक्षरं कोण विसरून जाणार? आणि मराठी दोघांनाही फक्त कानानं आणि तोंडानं येत होती. घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेलेली ती भाषा कागदावर कशी दिसते, हे सोयराबाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं.

सोयराबाईंची हयात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली होती. लाल पेन सुटलं तरी लाल पेनाची खोड सुटली नव्हती. खेळात त्यांचा नियम एकच: दोन अक्षरी शब्द चालत नाही. गणपतराव मुद्दाम डाव उघडताना दोन अक्षरी काहीतरी मांडायचे आणि शहाजोगपणे विचारायचे, “का हो मिस, हे चालतं का?” सोयराबाई तळहाताच्या कडेनं ती अक्षरं सर्रकन बाजूला सारायच्या. “दोन अक्षरी चालत नाही.” मग दोघं हसायची. मग गणपतराव सातही अक्षरं लावून असा शब्द काढायचे की बाईंची बोलती बंद. तीन अक्षरी शब्दाला त्यांनी कधी हातसुद्धा लावला नाही. म्हणायचे, “ही काय भिक्षा आहे, चिमूटभर घालायला?”

२

संक्रांत झाली आणि एका सकाळी दाढी करता करता गणपतराव न्हाणीत कोसळले. उजवं अंग गेलं. वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवल्या जागी बसून राहायचे. डोळे उघडे, पण कशाकडं आहेत ते सांगता येऊ नये असे.

“ऐकू येतंय,” डॉक्टर म्हणाले. “कळतंय किती, ते आज नाही सांगता येत.”

सोयराबाईंना नेमकं तेवढंच हवं होतं. चालू नयेत, बोलू नयेत, चमच्यानं भरवीन. पण हे आत आहेत की नाहीत? रिकाम्या घराला कुलूप लावून आपण ओसरीवर बसलोय की काय, या विचारानं त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

डॉक्टरच म्हणाले, पूर्वी ज्यात जीव रमायचा ते करून पाहा. मग सोयराबाईंनी पिशवी काढली. सात अक्षरं ट्रेमध्ये मांडून ट्रे त्यांच्या डाव्या हाताजवळ ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग डाव्या हाताची तर्जनी हलली. त्या एका बोटानं, ढकलत ढकलत, गणपतरावांनी दोन अक्षरं पुढं आणली.

AT.

सोयराबाईंना रडू फुटलं. हा माणूस चेष्टा करतोय! अंग लुळं पडलं तरी खोडी जात नाही. आहेत, आहेत, आपलेच आहेत. पदरानं डोळे पुसत त्यांनी तळहाताच्या कडेनं ती दोन अक्षरं सारली.

“दोन अक्षरी चालत नाही हो,” त्या हसत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही AT. तिसऱ्या दिवशीही. सकाळी मांडा, दुपारी मांडा, बोट तीच दोन अक्षरं ढकलत आणायचं, आणि पुढं पुढं इतक्या घाईनं की दुसरी अक्षरं ट्रेमधून खाली पडायची. चेष्टा एकदा गोड लागते. सोयराबाईंना आता मास्तरकी सुचायला लागली. याच एका शब्दात अडकून पडले तर सुधारणार कसे? “नवीन काढा बघू,” त्या म्हणायच्या आणि अक्षरं पुसून टाकल्यासारखी सारायच्या. एकदा तर बोटानं T घट्ट दाबून धरला. त्यांनी बोट उचलून बाजूला ठेवलं.

त्यानंतर AT आलं नाही.

३

पहिला तीन अक्षरी शब्द आला तो PAY. सोयराबाईंनी टाळी वाजवली. ट्रेमध्ये P, A, Y, R, T, L, E होती. पूर्वीच्या गणपतरावांनी त्यांतून काय काय उभं केलं असतं! पण आता चिमूटभर भिक्षाही त्यांना पक्वान्न होती.

एक गोष्ट मात्र त्यांच्या डोळ्यांत भरली. आज गणपतरावांनी अक्षरं ढकलली नाहीत. अंगठा आणि दोन बोटं, अशी अलगद चिमूट करून एकेक अक्षर उचललं आणि जागेवर ठेवलं. गजरा करताना आपण मोगऱ्याची कळी उचलतो तसं. बोटांत बळ येतंय, सोयराबाईंनी स्वतःला सांगितलं.

त्याच आठवड्यात उजवा पाय हलला. व्यायाम घ्यायला हयग्रीव नावाचा तरुण यायचा, तो तर नाचायचाच बाकी होता. “तुंबा चन्नागिदे अम्मा! तुंबा!” फार छान, फार छान, असं तो दारापर्यंत म्हणत गेला.

मग HAT आला. थोड्या दिवसांनी उजव्या हाताची मूठ वळायला लागली. मग MAN. दुसऱ्या दिवशी सोयराबाई भाजी निवडत होत्या, तर पाठीवर कोणीतरी पाहतंय असं त्यांना वाटलं. वळून पाहिलं. इतके दिवस खिडकीकडं असलेली गणपतरावांची मान पुरती फिरून त्यांच्याकडं झाली होती. चेहऱ्यावर राग नव्हता, ओळख नव्हती. नवीन भाडेकरू पहिल्या दिवशी खोली बघतात, भिंती, खिडक्या, नळ, तशी ती नजर त्यांच्यावरून फिरत होती.

“काय हवंय?” त्यांनी विचारलं. नजर फिरतच राहिली. सोयराबाईंनी भाजीचं ताट उचललं आणि उरलेली भाजी आत ओट्यापाशी उभ्यानं निवडली.

४

मुलगी कावेरी बंगळूरला नोकरीला. तिला बरं वाटावं म्हणून सोयराबाईंनी मोबाइलवर तिला वडिलांचे शब्द पाठवले: PAY, HAT, MAN. कावेरीला मराठी येते ती मोडकीतोडकी, आणि लिहायची झाली तर ती इंग्रजी अक्षरांतच लिहिते, तिच्या वयाची सगळीच मुलं लिहितात तशी. तिनं लगेच फोन केला.

“आई, पाय, हात, मान? दुखतंय का तुला? डॉक्टरकडं होगम्मा, आधी!”

“मला कशाला दुखेल? हे बाबांचे शब्द आहेत. पे, हॅट, मॅन.”

“अय्यो, मी पाय-हात-मान वाचलं!” कावेरी हसली आणि ऑफिसच्या गडबडीत फोन ठेवून दिला.

सोयराबाई फोन हातात धरून उभ्या राहिल्या. पाय, मग पाय हलला. हात, मग हात. मान, मग मान. वर कोणीतरी योगाची चटई झटकत होतं, फट फट आवाज येत होता.

पण त्या घाबरट बाई नव्हत्या. यात वाईट काय, त्यांनी विचार केला. एकेक अवयव परत मिळतोय, तसतसा माणूस सांगतोय, आणि सांगतोय आपल्या घरच्या भाषेत. म्हणजे ते आत आहेत, शाबूत आहेत! त्यांना एकदम इतका आनंद झाला की त्या तशाच जाऊन खुर्चीसमोर बसल्या. ट्रेमध्ये अक्षरं भरली आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी या खेळात गणपतरावांना प्रश्न विचारला.

“अहो, परत आलात का हो?”

गणपतरावांची मान हळूहळू ट्रेकडं झुकली. चिमटीनं तीन अक्षरं उचलली गेली.

ALE.

सोयराबाईंना आधी हसूच आलं. जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, आणि शब्द काढतो बिअरचा! मग त्यांनी तो घरच्या भाषेत वाचला. आले.

त्यांचं हसू तिथंच थांबलं. परत आलात का, असं विचारलं तर पुरुष म्हणतो, आलो. आले म्हणते ती बाई.

५

लकव्यानंतर माणूस लिंग-वचन चुकतो. वस्तूंची नावं चुकतो, नात्यांची चुकतो. हे सगळं सोयराबाईंना डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःला परत परत सांगितलं. शिवाय ट्रेमध्ये O होता कुठं? नसलेलं अक्षर माणूस आणणार कुठून?

दुसऱ्या दिवशी त्यांनी O मुद्दाम ठेवला, अगदी हाताशी. विचारलं, “परत आलात का?”

चिमूट O वरून पुढं गेली आणि E उचलून आली. ALE.

खरं तर तिथंच ट्रे उचलायचा, पिशवीचं तोंड आवळायचं आणि माळ्यावर टाकायची. कोणीही शहाणं माणूस तेच करेल. पण सोयराबाई शिक्षिका होत्या. समोर चूक दिसली आणि हात स्वस्थ राहिला, असं त्यांच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. भीतीपोटीच त्यांच्या तोंडून शाळेतला आवाज निघाला.

“असं काय बाईमाणसासारखं? आलो म्हणायचं. आ-लो.” त्यांनी E काढून O ठेवला. “हे असं. कळलं?”

गणपतरावांचे डोळे त्या O वर बराच वेळ टिकून राहिले.

पुढच्या सकाळी ट्रेमध्ये चार अक्षरं होती. ALOE. सोयराबाईंचा जीव भांड्यात पडला. कोरफड! खिडकीत कुंडी आहे, तीच बघून सुचलं असणार. शुद्ध, सरळ इंग्रजी शब्द. चार अक्षरी. उगाच आपण साप साप म्हणून भुई धोपटत होतो. “शाबास,” त्या म्हणाल्या.

तेव्हा चिमूट परत खाली आली. तिनं शेवटचा E उचलला आणि ट्रेच्या बाहेर ठेवला. मग गणपतरावांची मान वर झाली आणि बरोबर आहे का, अशा नजरेनं सोयराबाईंकडं पाहत राहिली.

६

GALA आला तेव्हा सोयराबाईंनी तो इंग्रजीत वाचलाच नाही. गळा. त्यांनी पिशवी माळ्यावर टाकली, पण आता उशीर झाला होता.

एका दुपारी कुकर लावून त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. शिट्टी झाली, वाफ सुटली, आणि वाफेच्या आवाजाखाली दुसरा आवाज ऐकू आला. गणपतरावांच्या खोलीतून. खर्जातला, घोगरा, गणपतरावांचाच.

“आले.” मग थोडं थांबून, “आलो.” परत, “आले. आलो. आलो.”

सोयराबाई दारापर्यंत गेल्या. दार लोटलेलं होतं, पण फटीतून कपाटाचा आरसा दिसत होता. आरशात गणपतराव खुर्चीत ताठ बसलेले. उजवा हात, तो जो महिनाभरापूर्वी लोंबत होता, त्यानं तीन बोटांच्या चिमटीत स्वतःचा गळा धरला होता, आणि शब्दागणिक चिमूट थोडी वर, थोडी खाली सरकत होती. डावा हात दिसत नव्हता. मग दिसला. तो मांडीखाली दाबून ठेवलेला होता. बोटांची टोकं तेवढी बाहेर आली होती, आणि रक्त अडून ती निळी पडली होती.

कुकरची दुसरी शिट्टी झाली. आरशातली मान दाराकडं वळायला लागली, तशा सोयराबाई आल्या पावली परत फिरल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

शनिवारी कावेरी आली. पायरीवर चपला काढते तोवर आतून आवाज आला, “आलीस? मीही आलो बघ.” कावेरी धावत आत गेली आणि बापाच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली. हयग्रीव पेढे घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, अशी केस शंभरात एक. सोयराबाई कोपऱ्यात उभ्या होत्या आणि सगळे त्यांचंच कौतुक करत होते. बाईंनी शिकवून शिकवून नवरा परत आणला.

स्वयंपाकघरात त्यांनी लेकीचा हात धरला. “कावेरी, हे बाबा नाहीत गं.”

“एनु? काय म्हणतेस?”

“आधी ‘आले’ म्हणायचे. बाईसारखं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.”

“पण आत्ता ‘आलो’ म्हणाले ना? मी ऐकलं की.”

“ते मी शिकवलं,” सोयराबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की त्यांच्या हातात एकच पुरावा होता आणि तो त्यांनी स्वतःच दुरुस्त करून टाकला.

“सुम्ने इरम्मा,” कावेरी मायेनं म्हणाली. उगी राहा. “दमलीस तू. किती केलंस एकटीनं. थोडी झोप काढ.” तिनं आईला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. त्या मायेतून बाहेर पडायला सोयराबाईंना वाट सापडेना.

७

रविवारी दुपारच्या गाडीनं कावेरी गेली. फाटकापर्यंत गणपतराव स्वतःच्या पायांनी सोडायला गेले.

परत आल्यावर ते टेबलाशी बसले. पिशवी टेबलावर होती. कावेरीनं जाण्यापूर्वी हौसेनं माळ्यावरून काढून ठेवली होती, आणि वडिलांनी खेळावं म्हणून सगळी अक्षरं टेबलभर सुलटी मांडली होती. सोयराबाईंनी कॉफी आणली. उजव्या हातानं पेला उचलून कॉफी डबऱ्यात, म्हणजे खालच्या वाटीत, ओतली, परत पेल्यात, थेंब न सांडता. गणपतरावांना हे इतकं सफाईनं कधीच जमलं नव्हतं.

“साखर थोडी कमी,” गणपतरावांचा आवाज म्हणाला.

“उद्या घालीन,” सोयराबाई म्हणाल्या. काय म्हणणार? कोणाला सांगणार? समोर नवरा बसलाय, चालतोय, बोलतोय, साखर मागतोय. गावानं पेढे खाल्ले. त्यांना वाटलं, असू दे, कोणी का असेना. घरात दोन पेले लागतायत ना.

आणि तेव्हा टेबलाच्या कडेला काहीतरी हललं.

डावा हात होता. कॉफी ओतण्याच्या नादात तो मांडीखालून सुटला असावा. टेबलाची कड धरून तो वर आला होता आणि तर्जनी पुढं झाली होती. चिमूट नव्हे, एकटी तर्जनी. थरथरत, ढकलत, वाटेतली अक्षरं पाडत तिनं A आणला. मग तेवढ्याच कष्टानं T आणला आणि A ला लावला. आणि T वर ते बोट घट्ट दाबून बसलं.

सोयराबाई पाहत राहिल्या. ते बोट त्यांच्या ओळखीचं होतं. चाळीस वर्षं ओळखीचं. आणि ती दोन अक्षरं त्यांनी आज पहिल्यांदाच घरच्या भाषेत वाचली.

आत.

सकाळी, दुपारी, रोज. आत आहे. मी आत आहे. हे आत आहेत की नाहीत, एवढंच तर त्यांना हवं होतं, आणि माणूस पहिल्या दिवसापासून दुसरं काही सांगतच नव्हता. आणि त्यांनी प्रत्येक वेळी हसत, लाडानं, तळहाताच्या कडेनं त्याचं तोंड पुसून टाकलं होतं. शेवटी बोट उचलून बाजूला ठेवलं होतं.

“अहो,” त्या म्हणाल्या. “अहो, कळलं मला. आत्ता कळलं हो.” दोन्ही हातांनी तो डावा हात धरायला त्या पुढं वाकल्या.

त्याआधी उजवा हात आला. सावकाश. त्यानं चिमटीत ती तर्जनी धरून उचलली आणि बाजूला ठेवली. मग तळहाताची कड टेबलाला लावून A आणि T सर्रकन बाजूला सारले, अगदी सोयराबाई सारायच्या तसे.

“दोन अक्षरी चालत नाही,” गणपतरावांचा आवाज म्हणाला. “नियम तुमचाच ना हो, मिस?”